बंद दारापुढचे बुधवार

प्रिय अंजू आणि नील,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. अंजू, तू एका ओळीत विचारलं आहेस, "आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती, मग देवानं सगुणाआजीला बरं का नाही केलं?" याचं उत्तर तुम्हाला नेहमी पाठवते तसल्या दोन पानांत मावणारं नाही, म्हणून हे पत्र लांबलं. आणि उत्तर माझ्याकडे नाही, म्हणूनही लांबलं. चाळीस वर्षं मुलींना शिकवलेल्या बाईला असं लिहून देणं शोभत नाही, पण तुमच्याशी खोटं बोलण्यापेक्षा ते बरं.

सगुणाआजीला जाऊन आज सतरा दिवस झाले. चर्चच्या मासिकानं माझ्याकडून तिच्यावर दहा ओळी मागितल्या. जन्मगाव, बाप्तिस्मा, शाळेच्या वसतिगृहातली स्वयंपाकाची सेवा, सगळं क्रमानं लिहून दिलं. एकही चूक नाही, आणि त्यात ती कुठेच नाही. जाण्याआधी तिनं मला एक गोष्ट विचारली होती. मी उत्तर दिलं नाही. अंजू, तिचा प्रश्न आणि तुझा प्रश्न जवळजवळ एकच आहे, म्हणून आजच लिहायला बसले. मात्र मला बोलायचं आहे ते तिच्याशी. तुम्ही जवळ बसून ऐका. तिचं वऱ्हाडी अडलं तर आईला विचारा, ती तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली आहे. आणि नील, तू तिची अंबाडीची भाजी थुंकली होतीस, ते ती शेवटपर्यंत विसरली नव्हती.

सगुणा,

सकाळपासून मी तीनदा कपाट आवरलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, थे कपाट काय पळून चाल्लं का?" हात रिकामे राहिले की माझं असं होतं. प्रकाश गेला तेव्हाही मी आधी त्याची पुस्तकं विषयवार लावली होती.

नातवंडांनी त्यांच्या प्रकाशमामाचा फक्त भिंतीवरचा फोटो पाहिला आहे. एकोणीस वर्षांचा होता, नागपूरला शिकत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला आणि मेंदूज्वरानं चार दिवसांत गेला. ते चार दिवस मी अगदी व्यवस्थित प्रार्थना केली. दर तीन तासांनी ताप पाहिला की गुडघ्यावर बसायचं आणि लहानपणी मिशनच्या शाळेत शिकले त्या इंग्रजीत मागायचं. सारी मंडळी मागत होती. पाळकसाहेबांनी उपवास धरला. पाचव्या दिवशी त्याला मातीत ठेवून आलो आणि तेव्हापासून माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघेना. शाळा उघडली, मी एकही रजा घेतली नाही. फळ्यावर तारीख घातली, हजेरी घेतली. लोक म्हणाले, बाईंची श्रद्धा बघा. कसली श्रद्धा! मी देवाशी बोलणं टाकलं होतं, एवढंच.

आपली बुधवारची बायकांची प्रार्थनासभा आळीपाळीनं एकेकीच्या घरी भरायची. अकरा जणी, अकरा बुधवार. पाळी चुकवायची नाही हा नियम मीच घातलेला, मी चिटणीस होते ना. माझी पाळी आली तेव्हा आणीबाणी नुकतीच लागली होती. लोक रेडिओला कान लावून बसलेले, आणि मला त्याचंही काही नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली : या बुधवारी माझ्या घरी सभा होणार नाही, पुढल्या घरी जमावे, वाचून सही करावी. शाळेचा शिपाई ती घरोघर फिरवून आला. नऊ सह्या आल्या आणि एक अंगठा.

अंगठा तुझा. तुला वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तुला 'वाचून सही करावी' म्हणून पाठवणारी मी, आणि त्यावर निमूट अंगठा देणारी तू.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला फाटक वाजलं. मी आतून कडी लावून बसले होते. व्हरांड्यात चटई पसरल्याचा आवाज आला. तू बाकीच्यांची वाट पाहत होतीस. शेवटी दाराशी येऊन म्हणालीस, "बाई, कोनीच नाई आलं अजून. मी सुरू करू का?"

मी कडीला हात लावला नाही. तू सुरू केलंस.

"पाह्य बाबा," तू देवाला म्हणालीस, शिपायाला म्हणायचीस त्याच आवाजात, "बाई दार उघडून नाई राह्यल्या. जेवल्या का नाई मले मालूम नाई. तुले तं आतलं दिसते ना? मंग नुसता बसून काऊन राह्यला?"

देवाशी असं बोलताना मी जन्मात कुणाला ऐकलं नव्हतं. मला 'तुमी' आणि त्याला 'तू'! दाराआड बसून मला राग आला. अशी प्रार्थना असते का? सुरुवातीला स्तुती नाही, शेवटाला आभार नाहीत. 'आमेन' म्हणालीस आणि लगेच, "चाल्ली मी, भाकरी टाकाच्या हायेत." हे त्याला की मला, तेही कळलं नाही.

पुढच्या बुधवारी सभा दुसऱ्या घरी होती. तू तिकडे गेली नाहीस, माझ्या व्हरांड्यात आलीस. त्याच्या पुढच्याही बुधवारी तेच. पहिल्यांदा चुकून आलीस असं धरलं, तर नंतरचं काय? आणि पहिल्यांदा तरी चुकून आलीस का? चिठ्ठीत काय लिहिलं आहे ते शिपायानं तुला सांगितलं असणारच, तो वाटेत भेटेल त्याला सगळं सांगायचा. पुढे मी कितीदा तरी विचारलं. तू हसायचीस. "असंन सांगतलं. मले कमी आयकू येते." कोणत्या मुलीनं डब्यातला लाडू काढला ते दोन खोल्या पलीकडून ओळखणारे तुझे कान! खरं काय ते आता कोण सांगणार? शिपाईही राहिला नाही.

दर वेळी तू एकच गीत म्हणायचीस. चार कडव्यांचं. ऐकून पाठ केलेलं, त्यामुळे कडव्यांचा क्रम तुझा तूच लावलेला. दुसऱ्या कडव्यात रात्र आहे आणि चौथ्यात पहाट. तू पहाट आधी उरकायचीस आणि रात्रीवर येऊन थांबायचीस. सुरांचं तर विचारूच नये, जिथे चढायचं तिथे उतरायचीस. मी चर्चच्या देवळात पेटी वाजवणारी बाई. सहा बुधवार सोसलं. सातव्या बुधवारी तू पहिल्या कडव्यावरून थेट चौथ्यावर उडी मारलीस आणि मी कडी काढून बाहेर आले.

"सगुणा, दुसरं कडवं आधी आहे."

"हो का?" तू वरही पाहिलं नाहीस, फक्त चटईवर जरा सरकलीस. "मंग म्हना ना तुमी. कवापासून चुकून राह्यली मी."

पुढे मी सभांमधून साक्ष देताना सांगत आले की प्रभूनं मला दुःखातून बाहेर बोलावलं. बाहेर आले ती गाणं दुरुस्त करायला, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. दुसरं कडवं म्हटलं, तिसरं म्हटलं, चौथ्याला आवाज फुटेना. तू पदरानं माझं नाक पुसलंस, लहान पोरीचं पुसावं तसं, आणि म्हणालीस, "आता लागला सूर." अशी दुष्ट होतीस तू.

क्रम मात्र तू पुढची दहा वर्षं सुधारला नाहीस. देवळात सगळी मंडळी रात्रीत असायची आणि मागच्या बाकावरून तुझी पहाट ऐकू यायची. "सकाळ झाल्याबगर रात कशी होईन, बाई? तुमचं पुस्तकच चुकलं." तो वाद तसाच राहिला.

आणि दुसरा वादही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू तांदूळ निवडत होतीस, मी मुलींच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता करत होते. मी एकदम विचारलं, "सगुणा, त्यानं माझंच पोर का नेलं?"

"काऊन नेलं थे मले नाई समजत," तू म्हणालीस. "पन पोरगं गेल्यावर कसं होते थे त्याले मालूम हाय. त्याच्या पोराले तं लोकायनं खिळे ठोकले."

"त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला," मी म्हटलं. "माझा कधी येतो?"

बोलून गेल्यावर माझीच मला भीती वाटली. तू वाद घातला नाहीस. "हो, थे खरं हाय," म्हणालीस आणि तांदळातला खडा काढून दाराबाहेर टाकलास.

आठ दिवसांनी सभेहून परत येताना तू बसस्टँडसमोर भर रस्त्यात थांबलीस. पवनारची बस सुटत होती, कंडक्टर ओरडत होता, लोक आपल्याला धक्के देत होते. तुला तिथेच बोलायचं होतं.

"बाई, तिसऱ्या दिवशी आला थे ठीक. पन मंदात दोन दिस होते ना? त्या दोन दिसात थो बाप काय करत असंन?"

"शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. माझं हे नेहमीचं.

"लिवलं नसंन. पन दिस तं गेलेच असतीन. माहे बी दोन गेले, बाई. एक चार महिन्याचं, एक दीड वर्साचं. तवा मले कोनी सांगतलं नाई का त्याचं बी गेलतं म्हून. इथं आल्यावर समजलं. मंग म्या म्हनलं, याच्याजवळ बसाले हरकत नाई."

आठ वर्षं तू माझ्या हाताखाली काम करत होतीस आणि तुझी दोन मुलं गेल्याचं मला त्या दिवशी बसस्टँडवर कळलं. वसतिगृहाच्या दप्तरात तुझ्या नावापुढे 'अपत्य नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. होतं का, कधी गेलं, मी विचारलंच नव्हतं. आणि तू सात बुधवार माझ्या एका मुलासाठी व्हरांड्यात येऊन बसलीस. याची क्षमा मागायची होती, मागू मागू म्हणत राहून गेली. आज मागते आहे, तर समोर कोणी नाही.

मी जन्मापासून ख्रिस्ती. सांत्वनावरची प्रवचनं मला दोन भाषांत पाठ आहेत. प्रकाशनंतर त्यातलं एकही मला धरून ठेवता आलं नाही. तू तिशी उलटल्यावर, भावाच्या घरातल्या साऱ्यांचे बोल खाऊन, बाप्तिस्मा घेऊन इकडे आलीस, आणि तुझं ते बसस्टँडवरचं वाक्य मात्र मला धरता आलं. याच्याजवळ बसायला हरकत नाही. कारण कळलं नाही, प्रकाश परत आला नाही, पण मी पुन्हा गुडघ्यावर बसू लागले. त्या बसण्यावर माझी दहा वर्षं निघाली.

मग या पावसाळ्यात तुझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं. तू बाकावरून माझा चेहरा पाहिलास आणि म्हणालीस, "चला घरी." मी तुला माझ्या घरी आणलं, प्रकाशच्या पलंगावर निजवलं. त्यावरून केवढं भांडलीस!

"तुमी माह्यं ताट उचलता. लोक काय म्हनतीन?"

"लोकांना मी शिकवलंय. काही म्हणणार नाहीत."

"म्हून तं म्हनतीन. लय मारलं तुमी त्यायले."

मंडळीनं प्रार्थना केली. मुलांना लिहिलं, त्यांनीही तिकडे केली. एका गुरुवारी दुपारी पाळकसाहेब येऊन सुरेख प्रार्थना करून गेले. त्यांच्या स्कूटरचा आवाज थांबला आणि तुझं दुखणं उसळलं. पलंगाची पाटी घट्ट धरून तू कुशीवर वळलीस.

"बाई, तुमी शिकलेल्या हाय. खरं सांगजा. थो आयकून राह्यला का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. पेशंटला तसंच सांगायचं असतं. पण विचारत होतीस तू. ज्या भिंतीला पाठ टेकून मी बसले होते तीच विचारत होती, "मी उभी आहे ना?" तोंडात आलेली सगळी वाक्यं कुणा ना कुणाच्या प्रवचनातली होती, माझं एकही नव्हतं. मी म्हटलं, "पडून राहा. पेज करून आणते."

पेजेला वीस मिनिटं लागतात. मी तास लावला. परत आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. झोपली होतीस, की माझी सुटका केलीस? पुढे तू पाणी मागितलंस, उशी मागितलीस, खोलीतल्या कॅलेंडरची चूक काढलीस. ते पुन्हा विचारलं नाहीस.

शुक्रवार-शनिवार मी उत्तर तयार केलं. हसू नकोस. शाळेत धड्याचे काढायचे तसे कागदावर तीन मुद्दे काढले. रविवारी तो कागद पर्समध्ये ठेवला. खरं तर उपासनेला जायचंच नव्हतं, पण तूच हाकललंस. "जा तुमी. पेटी कोन वाजवन? पाळकीनबाई? त्यापरीस पेटी बंद बरी." शेजारच्या कमलताई तुझ्याजवळ बसल्या. देऊळ आमच्यापासून चार घरं सोडून. तिथे पोचले आणि मनाशी ठरवलं की उपासना संपताच परत जायचं, कागद न काढता तुझ्याजवळ बसायचं आणि जे सुचेल ते खरं बोलायचं. म्हणून प्रत्येक गीत पळवलं. मंडळीला दम लागला.

परत आले तेव्हा कमलताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, तू खिडकी उघडायला लावलीस, जरा वेळ कान दिलास आणि पुटपुटलीस, "बाई आज लय घाईनं वाजवून राह्यल्या." मी पोचले तेव्हा तू गेली होतीस.

मासिकाच्या दहा ओळींत मी लिहिलं आहे, 'प्रभूवर भरवसा ठेवून शांतपणे निद्रिस्त झाल्या.' भरवसा होता की नव्हता, शेवटच्या तीन दिवसांत काय झालं त्याचं, मला माहीत नाही. विचारण्याची हिंमत मी केली नाही.

तुझा भाऊ देवळीकडून आला. माती झाल्यावर रुमाल हातात चुरगाळत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, आमी घरी आमच्या रीतीनं दिवा लावला तं चालन ना?" मी "चालेल" म्हटलं. नियम पाहिला नाही. तो म्हणाला, "थे इकडं आली तवा आमी लय बोललो तिले. तरी दर दिवाईले येत होती. शिव्या खात होती अन् जेवून जात होती." मग तो रडला, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

परवा तो तीन मुद्द्यांचा कागद वाचला. मुद्दे बरोबर आहेत. तुला त्यातला एकही कामाला आला नसता. काल भांडी घासताना मात्र सुचलं, की सहा बुधवार मी दाराआड गप्प होते आणि तुझा शब्द न् शब्द ऐकत होते. ऐकते आहे की नाही, तुला बाहेर कळायला मार्ग नव्हता. हे तुला सांगायला हवं होतं. इतकं साधं सुचायला मला इतके दिवस लागले, म्हणून साबणाचे हात तसेच धरून उभी राहिले. पण त्यानंही मन थाऱ्यावर येत नाही. तू म्हणाली असतीस, "तुमी शेवटी उघडलं, बाई. त्यानं काऊन नाई उघडलं?" आणि मी पुन्हा पेज करायला गेले असते.

तेव्हा अंजूला काय सांगू? की त्यानं तुला बरं केलं नाही आणि का, ते मला समजत नाही. की मी त्याच्यावर रागावले आहे. प्रकाशच्या वेळी रागावून दार लावून घेतलं होतं. या वेळी रागावून त्याच्यासमोरच बसते, रोज सकाळी, चहाच्या आधी. इंग्रजी सुटलं. तुझ्यासारखं 'पाह्य बाबा' म्हणायला जीभ वळत नाही, पण 'तू' म्हणते. तुझा प्रश्न त्याला विचारते आणि थांबते. रस्त्यावर दूधवाल्याची सायकल जाते, नळाला पाणी येतं. दुसरं काही ऐकू येत नाही. मग उठते, चहा ठेवते. दुसऱ्या दिवशी परत बसते.

प्रकाश नाही. तू नाहीस. प्रार्थना अजून चालू आहे.